वसईचा इतिहासकार आणि फ्लॉरेन्सची वाट

वसईचा इतिहास म्हटला की मराठी वाचकाच्या मनात मे १७३९ उभा राहतो. चिमाजी अप्पांची मोहीम, महिनोन्‌महिने चाललेला वेढा, सुरुंगांनी फोडलेला तट आणि अखेर पोर्तुगीजांची शरणागती. ही स्मृती स्वाभाविक आहे आणि तिच्यामागे अस्सल मराठी कागदपत्रांचे बळही आहे. मात्र त्या तटाच्या आत दोनशे वर्षे उभ्या असलेल्या नगराचा आधुनिक पद्धतीने अभ्यास करणारा आरंभीचा महत्त्वाचा ग्रंथ मराठीत लिहिला गेला नाही. तो लिहिला मुंबईत वैद्यकी करणाऱ्या एका गोमंतकीय डॉक्टराने, इंग्रजीत, १८७६ मध्ये. चौल आणि वसई यांच्या इतिहासावरील आणि पुरावशेषांवरील तो ग्रंथ मुंबईच्या थॅकर, विनिंग आणि कंपनीने छायाचित्रे, शिलामुद्रित चित्रे आणि नकाशासह प्रसिद्ध केला. लेखक होते डॉ. जोसे गेर्सन द कुन्हा.

गेर्सन द कुन्हा यांचे नाव मुंबईच्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहेत आणि 'सह्याद्रिखंडा'च्या वादामुळे ज्ञातिइतिहासाच्या वाचकांनाही. त्यांच्या विद्याव्यवहाराला आणखी एक दिशा होती. तिच्याकडे मराठीत फारसे लक्ष गेलेले नाही. ती दिशा इटलीकडे जाते. द कुन्हा हे इटालियन भाषेचे प्राध्यापक नव्हते, तसा त्यांचा दावाही नव्हता. परंतु इटालियन विद्याजगताशी एकोणिसाव्या शतकात इतके निकटचे नाते जोडणारा पश्चिम किनाऱ्यावरचा दुसरा विद्वान शोधावा लागेल. प्रस्तुत लेखात त्या नात्याचा, आणि त्याच्या आधाराने वसईच्या इतिहासाकडे पाहण्याच्या एका वेगळ्या कोनाचा विचार करावयाचा आहे.

डॉक्टर ते पुराविद

द कुन्हा यांचा जन्म १८४४ मध्ये बार्देशातील हडफडे या गावी, एका सारस्वत ख्रिस्ती घराण्यात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी मुंबईत आणि पुढे ब्रिटनमध्ये घेतले. लंडन आणि एडिंबरो येथील वैद्यक पदव्या घेऊन ते मुंबईत परतले आणि अखेरपर्यंत तेथेच व्यवसाय करीत राहिले. १९०० च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले.

उपजीविका वैद्यकीची आणि जीविका पुराविद्येची, असा त्यांचा दुहेरी संसार होता. १८७४ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त त्यांनी मुंबई आणि परिसरातील स्थळनामांवर लेखन केले. १८७५ मध्ये सिंहलद्वीपातील बुद्धदंताच्या इतिहासावरील प्रबंध आला. १८७६ मध्ये चौल-वसईचा ग्रंथ आणि १८७७ मध्ये स्कंदपुराणांतर्गत म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 'सह्याद्रिखंडा'ची, हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली संस्कृत संहिता प्रसिद्ध झाली. इंडो-पोर्तुगीज नाण्यांचा अभ्यास आणि कोंकणी भाषा-साहित्यावरील निबंध ही १८८० च्या आसपासची कामे. 'मुंबईची उत्पत्ती' हा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने १९०० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी काढला. या सर्व काळात त्यांनी हजारो नाणी जमवली. त्या संग्रहाची कीर्ती भारताबाहेरही होती.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. पाली परंपरा, संस्कृत पुराण, पोर्तुगीज दप्तर, कोंकणी बोली, नाण्यांवरील लेख: प्रत्येक विषय वेगळी भाषा मागतो. द कुन्हा यांच्या आधीच्या पिढीत गोव्यात कुन्य रिव्हारा यांनी 'आर्किव्हु पोर्तुगेज ओरिएंताल' या मालेतून पोर्तुगीज कागद छापून ठेवले होते, १८५८ मध्ये कोंकणीवर निबंधही लिहिला होता. त्या पायावर द कुन्हा उभे होते. परंतु रिव्हारा लिस्बनहून आलेले अधिकारी होते. द कुन्हा मात्र दोन वसाहतींच्या सीमेवर वाढलेला माणूस. जन्माने पोर्तुगीज प्रजाजन, वास्तव्याने ब्रिटिश मुंबईकर, आणि ज्या किनाऱ्याबद्दल लिहायचे त्या किनाऱ्याशी रक्ताचे नाते.

या स्थितीची अडचणही होती. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची मुळे १८०४ पर्यंत जातात, पण हिंदी माणसाला सभासद करून घ्यायला तिला १८४० साल उजाडावे लागले. माणकजी कर्सेटजी यांच्यापासून ही वाट उघडली. द कुन्हा यांच्या काळापर्यंत डॉ. भाऊ दाजी, रा. गो. भांडारकर, पंडित भगवानलाल इंद्रजी अशा विद्वानांनी ती रुंद केली होती. तरीही हिंदी विद्वानाने पुरावा पुरवावा आणि युरोपीय विद्वानाने सिद्धांत मांडावा, ही वाटणी पुरती मोडली नव्हती. विद्वत्ता मान्य होण्यासाठी कोणत्या तरी राजधानीचा शिक्का लागत असे. लंडन आणि लिस्बन या दोन राजधान्या द कुन्हा यांना वास्तव्याने आणि जन्माने मिळाल्या होत्या. तिसरी, फ्लॉरेन्स, त्यांनी स्वतः निवडली.

वसईचे इटालियन साक्षीदार

फ्लॉरेन्सकडे वळण्यापूर्वी वसईकडे इटालियन डोळ्यांनी पाहणाऱ्यांचा थोडा परिचय आवश्यक आहे, कारण हे नाते द कुन्हा यांच्यापासून सुरू होत नाही.

१३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मसेवक मारले गेले. त्यांपैकी तोलेंतिनोचा तोमासो, पादुआचा जाकोमो आणि सिएनाचा पिएत्रो हे तिघे इटलीतील नगरांचे होते. त्यांचा सोबती जोर्दानुस या फ्रेंच धर्मगुरूने त्यांची कलेवरे सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपारा परिसरात आणून पुरली. त्यानंतर लौकरच पोर्देनोनेचा ओदोरिको हा प्रवासी किनाऱ्यावर उतरला आणि त्या अस्थी घेऊन चीनकडे गेला. १३३० मध्ये पादुआत त्याने आपला वृत्तान्त सांगून लिहवून घेतला. ठाण्याच्या परिसरात कुत्र्याएवढे उंदीर असतात आणि मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, अशी नोंद त्यात आहे. युरोपीय वाचकाला ही थाप वाटावी. कोंकणातल्या वाचकाला घूस आठवते आणि प्रवासी अतिशयोक्ती करीत असला तरी खोटे बोलत नाही, हे कळते.

सोळाव्या शतकात व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरीची या किनाऱ्याने गेला. १५८७ मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात वसईचा उल्लेख धान्य, तांदूळ आणि जहाजबांधणीचे लाकूड यांच्या संदर्भात येतो. व्यापाऱ्याची नजर मालावर असते. परंतु वसई पोर्तुगीजांना कशासाठी हवी होती, याचे उत्तर या कोरड्या यादीत आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई मिळवताना त्यांना केवळ एक ठाणे मिळाले नव्हते. तांदूळ आणि गलबतांना लागणारे लाकूड पुरवणारा मुलूख मिळाला होता.

सर्वांत तपशीलवार साक्ष आहे जोव्हान्नी फ्रांचेस्को जेमेल्ली कारेरी याची. हा दक्षिण इटलीतला वकील १६९३ मध्ये जगप्रवासाला निघाला आणि १६९५ मध्ये दमणहून वसईला आला. 'जिरो देल मोंदो' हे त्याचे सहा खंडांचे प्रवासवर्णन १६९९-१७०० मध्ये नेपल्सला प्रसिद्ध झाले. त्याने पाहिलेली वसई वैभवाच्या उतरणीला लागलेली होती. रुंद, सरळ रस्ते आणि मोठा चौक असलेल्या नगराचा उत्तरेकडचा भाग साथीच्या रोगाने ओसाड पडला होता. धनिक मंडळी तटाबाहेरच्या बागांत जाऊन राहत होती. या बागायती टापूला तो 'कासाबो' म्हणतो. हे 'कसबे' या शब्दाचेच रूप दिसते. तेथे माड, आंबे आणि ऊस आहे, कसणारे शेतकरी ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू आहेत आणि विशिष्ट यंत्रांनी पाणी काढून बागा सदैव हिरव्या ठेवल्या जातात, असे त्याचे निवेदन आहे.

येथे थोडे थांबावयास हवे. ही 'यंत्रे' म्हणजे काय, हे वसईच्या वाडीवाल्याला सांगावे लागत नाही. विहिरीवरचा रहाट वसईच्या बागायतीचा कणा होता. कारेरीच्या वर्णनात आणखी एक फळझाड येते. त्याच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १७०४ मध्येच झाला होता आणि पुढच्या इंग्रजी लेखकांनी बहुधा त्याचाच आधार घेतला. त्यात या झाडाला अंजीर म्हटले आहे. वसईच्या वाड्यांत माड-आंब्याच्या जोडीला अंजिराच्या बागा? परंतु पोर्तुगीज हिंदुस्थानात 'फिगु' हा शब्द केळ्यासाठी रूढ होता. युरोपीय माणसाने अनोळखी फळाला ओळखीचे नाव दिले आणि ते शतकानुशतके टिकले. हा दुवा लक्षात घेतला की 'अंजीर' नाहीसे होते आणि वसईची केळीची वाडी प्रकट होते. आजही वसईचे नाव केळ्यांशी आणि तेथल्या सुकेळ्यांशी जोडलेले आहे. म्हणजे कारेरीच्या त्या एका परिच्छेदात सव्वातीनशे वर्षांपूर्वीची वाडवळी बागायत जिवंत आहे. मात्र ती दिसण्यासाठी इटालियन वाक्य, पोर्तुगीज शब्द आणि वसईची माती ही तिन्ही एकदम हाताशी लागतात.

गेर्सन द कुन्हा यांच्यासारख्या अभ्यासकाचे मोल येथे कळते. त्यांच्या चौल-वसईच्या ग्रंथात पोर्तुगीज इतिवृत्तांबरोबर या इटालियन प्रवाशांची साक्षही येते आणि तिच्या जोडीला पडक्या देवळांतील, मठांतील थडग्यांवरचे शिलालेख उतरवून घेतलेले आहेत. पुढे १९५७ मध्ये ब्राझ फर्नांडिस यांनी वसई किल्ल्यातील राजचिन्हे आणि लेख यांवर पोर्तुगीजमध्ये स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. त्याआधीची महत्त्वाची नोंद द कुन्हा यांची आहे. दगड झिजतात, उचलून नेले जातात, पायऱ्यांना लागतात. १८७६ पूर्वी कागदावर उतरलेला शब्द म्हणूनच मोलाचा ठरतो.

फ्लॉरेन्स, १८७८

द कुन्हा यांचा वसईचा ग्रंथ निघाला त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, इटलीत एक पुस्तक प्रसिद्ध झाले होते. विषय होता हिंदुस्थानात आलेल्या इटालियन प्रवाशांचा इतिहास, आणि लेखक होते आन्जेलो दे गुबेर्नातिस. जन्म १८४०, तुरीनचा. बर्लिनला आल्ब्रेख्त वेबर यांच्याकडे अध्ययन करून १८६३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या उच्च अध्ययन संस्थेत संस्कृत शिकवू लागले. मध्येच बाकुनिनच्या अराज्यवादाच्या प्रभावाने त्यांनी अध्यापनपद सोडले, बाकुनिनच्याच नात्यातील स्त्रीशी विवाह केला आणि काही काळाने पुन्हा संस्कृताकडे परतले. नळराजाच्या कथेवर त्यांनी इटालियनमध्ये नाटक लिहिले. प्राणिकथांच्या पुराणशास्त्रावरील त्यांचा १८७२ चा इंग्रजी ग्रंथ युरोपभर वाचला गेला, आणि त्याच्यावर टीकाही भरपूर झाली.

हा माणूस फ्लॉरेन्समध्ये बसून हिंदुस्थानात गेलेल्या इटालियनांचा माग काढीत होता, आणि मुंबईतला एक डॉक्टर त्याच प्रवाशांच्या शब्दांवरून वसई-चौलचे भग्न रस्ते जुळवीत होता. दोन टोकांनी एकच कागद वाचणाऱ्यांची गाठ पडणे क्रमप्राप्त होते. सप्टेंबर १८७८ मध्ये फ्लॉरेन्सला प्राच्यविद्याविशारदांची चौथी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दे गुबेर्नातिस तिचे प्रमुख संयोजक होते. परिषदेबरोबर पौर्वात्य वस्तूंचे प्रदर्शनही मांडले होते. या परिषदेला द कुन्हा मुंबईहून उपस्थित राहिले.

या घटनेचा काळ लक्षात घ्यावा. १८७४ च्या लंडन परिषदेला शंकर पांडुरंग पंडित गेले होते. भांडारकर १८८६ मध्ये व्हिएन्नाला गेले. पश्चिम हिंदुस्थानातील विद्वानांनी स्वतः युरोपीय विद्वत्सभेत उभे राहण्याचा हा आरंभकाळ आहे. परंतु लंडनला जाणारा हिंदी विद्वान साम्राज्याच्या राजधानीत जात होता. लिस्बनला गेले असते तर द कुन्हा यांचीही तीच स्थिती झाली असती. फ्लॉरेन्सचे वेगळेपण असे की इटलीचे हिंदुस्थानात राज्य नव्हते. इटली स्वतः १८६१ मध्ये एकराष्ट्र झाली होती, फ्लॉरेन्स १८६५ ते १८७१ तिची राजधानी होती, आणि या नव्या राष्ट्राला विद्येच्या क्षेत्रात इंग्लंड-जर्मनीच्या पंक्तीला बसायचे होते. त्याला हिंदी विद्वानाची गरज होती, आणि हिंदी विद्वानाला अशा व्यासपीठाची. गरज दोन्हीकडून असली की नात्यात बरोबरी येण्याची शक्यता निर्माण होते.

पोर्तुगीज इतिहासकार फिलिपा लाउंडिश विसेंते यांनी २००९ मधील 'औत्रुश ओरिएंतालिज्मुश' या ग्रंथात फ्लॉरेन्स-मुंबई हा संबंध प्रथमच विस्ताराने उलगडला. २०१२ मध्ये त्याचे इंग्रजी रूप भारतातही प्रसिद्ध झाले. 'इतर प्राच्यविद्या' हे त्याचे शीर्षकच सूचक आहे. एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या मांडणीनंतर प्राच्यविद्या म्हटली की इंग्रज-फ्रेंच सत्ता आणि ज्ञान यांचे गोत्र एक, असे सूत्र आपल्या वर्गांतून शिकवले जाते. द कुन्हा यांचे उदाहरण त्या सूत्राला खोटे ठरवीत नाही, पण ते अपुरे आहे हे दाखवते. येथे 'पौर्वात्य' माणूस अभ्यासाचा विषय नाही, तो परिषदेचा सभासद आहे.

मुंबई, १८८५

१८८५ मध्ये दे गुबेर्नातिस हिंदुस्थानात आले. मुंबईत त्यांना विद्वानांच्या, संग्राहकांच्या आणि धनिकांच्या वर्तुळात नेणाऱ्यांमध्ये द कुन्हा अग्रभागी होते. आता भूमिका पालटल्या होत्या. फ्लॉरेन्सला जो पाहुणा होता तो येथे यजमान झाला. या प्रवासाचे वृत्त 'पेरेग्रिनात्सिओनी इंदियाने' या नावाने तीन खंडांत १८८६-८७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवासात जमवलेल्या वस्तूंच्या आधारे नोव्हेंबर १८८६ मध्ये फ्लॉरेन्सला हिंदी संग्रहालय उघडले आणि इटालियन एशियाटिक सोसायटीही स्थापन झाली. ते संग्रहालय स्वतंत्रपणे टिकले नाही. त्यातील वस्तू पुढे फ्लॉरेन्सच्या मानवशास्त्र संग्रहालयात गेल्या.

या संबंधाचे गुणगान करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १८८५ च्याच फेब्रुवारीत इटलीने तांबड्या समुद्रावरचे मासावा बंदर घेतले आणि १८९० मध्ये एरिट्रिया ही आपली वसाहत म्हणून जाहीर केली. म्हणजे इटलीला साम्राज्याची इच्छा नव्हती असे नाही, हिंदुस्थानात तिला वाव नव्हता एवढेच. संग्रहालयासाठी वस्तू नेणे हेही निष्पाप कर्म नसते. देवघरातली मूर्ती कपाटात गेली की तिचे नाव बदलते, आणि ते नाव कोण लिहितो याला अर्थ असतो. द कुन्हा यांच्यासारख्यांच्या मदतीमुळे ही नावे निदान जाणकाराच्या सल्ल्याने पडण्याची शक्यता होती. तरी कपाट फ्लॉरेन्सचेच राहिले.

द कुन्हा यांच्या बाजूनेही सर्व काही निर्मळ विद्याप्रेम होते, असे मानण्याचे कारण नाही. 'सह्याद्रिखंडा'त सारस्वतांच्या उत्पत्तीची कथा आहे, अन्य ब्राह्मण ज्ञातींबद्दल कटू मजकूरही आहे. ती संहिता एका सारस्वतकुलीन ख्रिस्ती विद्वानाने संपादित करावी, यात स्वतःच्या पूर्वपीठिकेचा शोध निश्चितच आहे. युरोपीय सभेत उभे राहताना 'मी कोण' हे सांगण्यासाठी त्यांना ख्रिस्तपूर्व कोंकण लागत होते, आणि मुंबईत पोर्तुगीज काळ. दोन्ही ओळखी एकाच माणसाच्या होत्या. वसईच्या कुपारी, सामवेदी आणि वाडवळ समाजांच्या स्मृतींकडे पाहिले तर ही स्थिती अपवादात्मक वाटत नाही.

मराठीतील इटली

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला इटली भेटते ती मॅझिनी-गॅरिबाल्डींच्या रूपाने. सावरकरांचे 'जोसेफ मॅझिनी' १९०७ मध्ये आले आणि एका पिढीच्या हृदयात इटली कोरली गेली. पण तो मॅझिनी इंग्रजी खंडांतून मराठीत आला होता. त्या काळी राजकीय निकड अशी होती की मूळ भाषेची वाट पाहणे शक्य नव्हते. दोष देण्याचा प्रश्न नाही. परंतु तेव्हापासून इटालियन मजकूर इंग्रजीच्या खिडकीतून पाहण्याची सवय आपल्याला जडली. दान्तेपासून पिरांदेल्लोपर्यंत बहुतेक इटली मराठीत याच खिडकीतून आली.

ललित साहित्यात या सवयीने सूर हरवतो. इतिहासात मात्र तपशीलच बदलतो. केळीचे अंजीर होते, रहाटाचे 'यंत्र' होते, कसब्याचे अनोळखी नाव होते, आणि ज्या शेतकऱ्यांनी ती बाग राखली त्यांचा मुलूख त्यांनाच परका वाटू लागतो. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. वसई-विरार आज महानगरपालिका आहे आणि कारेरीच्या 'कासाबो'तील वाड्या इमारतींच्या मध्ये तुकड्या-तुकड्यांनी उरल्या आहेत. जमिनीवरची साक्ष कमी होत असताना कागदावरची साक्ष नीट वाचणे ही चैन राहत नाही.

वसईवरील मराठी कागद मराठी अभ्यासकांनी निष्ठेने वाचले. पोर्तुगीज कागद पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्यांनी उजेडात आणले. इटालियन वृत्तान्त मात्र अजून बहुतांशी इंग्रजी तळटीपांत पडून आहेत. फेदेरीची आणि कारेरी यांच्या वृत्तान्तांतील उत्तर कोंकणाविषयीचा भाग एकत्र केला तर तो एका लहान पुस्तकाएवढा भरेल. तो मूळ इटालियनवरून, वसईची बोली आणि शेती ठाऊक असलेल्या माणसाने मराठीत आणला पाहिजे. एखाद्या विद्यापीठातील भाषाविभागाला ते अशक्य नाही. जिने विजेत्याच्या आणि पराजिताच्या बखरीला तिसऱ्या साक्षीदाराची जोड दिली, ती द कुन्हा यांची वाट दीडशे वर्षे उघडी आहे. तिच्यावर गर्दी झालेली नाही.